सोफेवाल्याची दाढ

सोफेवाल्याच्या बायकोने आयुष्यात एकच दाढ उपटली, तीही नवऱ्याची. खिळे काढायच्या पकडीने!

दिवसभर तोंडात मूठभर खिळे धरून सोफे ठोकणारा हा माणूस, पण दातांच्या डॉक्टरचं नाव काढलं की घरातून पळ काढायचा. दाढ हलत होती, ठणकत होती. "तूच ओढ बाई एकदाची," म्हणाला. तिने ओढली आणि दोघं पोट धरून हसली. आठवड्याने ताप चढला, तेव्हा कपाटात उरलेल्या अँटिबायोटिकच्या चार गोळ्याही तिनेच दिल्या. ताप उतरला आणि दुप्पट होऊन परत आला.

आता तो हॉस्पिटलच्या खाटेवर होता. तळपायांवर लाल ठिपके, लघवीत रक्त.

"दातांचं काही काम केलंत?" डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"छे! दवाखान्याची पायरी चढलो नाही," तो ऐटीत म्हणाला होता. बायको त्याचं पांघरूण सारखं करत राहिली. कुठल्या तोंडाने सांगणार?

आज डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रक्तात जंतू सापडले नाहीत. पण स्वतःच्याच शरीरावर उलटणारी प्रतिपिंडं सापडलीत. म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारं औषध देतोय. आत जंतू असते तर त्यांना रान मोकळं झालं असतं, पण तसं काही दिसत नाही."

नर्सने बाटली टांगली. बायको खाटेपाशी उठून उभी राहिली. बोलावं तर लोक म्हणणार, हिनेच नवऱ्याला मारलं. न बोलावं तर? नर्सने नळी जोडायला हात पुढे केला.

"थांबा!" ती ओरडली. "दाढ मी उपटली. पकडीने. गोळ्याही मीच दिल्या!"

बाईंचा चेहरा उतरला. "म्हणून जंतू दिसले नाहीत. गोळ्यांनी दबले होते."

बाटली खाली आली. दुपारी घशातून नळी घालून हृदय पाहिलं. दाढेच्या जखमेतून रक्तात शिरलेल्या जंतूंचा गोळा झडपेवर बसला होता, झडप फाटली होती. त्यांच्याशी झुंजताना शरीर बावचळलं होतं, ती प्रतिपिंडं त्यातूनच आली होती. ऑपरेशन आजच, आणि खात्री कोणी देईना.

सही करताना तिला स्वतःचं नाव लिहिता येईना. नवऱ्याला सगळं कळलं होतं. त्याच्याकडे बघायची तिला भीती वाटत होती.

"भूल देताना तोंडातून नळी घालायचीय. एखादा दात हलतोय का?" आत नेण्याआधी नर्सने त्याला विचारलं.

"एक हलतोय," तो क्षीण आवाजात म्हणाला. "पण हिला सांगू नका."

तिला हसू फुटेना. तिने त्याचा हात इतका घट्ट धरला, की नर्सला तिची बोटं एकेक करून सोडवावी लागली.