यादीतली चव्वेचाळीस पोरं

विश्वास कोणावर ठेवाल मंडळी, काट्यावर की काटा वाचणाऱ्यावर? आधी माझं ऐका, मग ठरवा.

मी टांगता वजनकाटा बोलतोय. घड्याळासारखं तोंड, खाली लोखंडी आकडा. जव्हारच्या बाजारात दामोदरशेटच्या दुकानात मी नागली जोखायचो. शेट शाळा फार शिकले नव्हते, पण माल घेताना पोत्यात कोपरापर्यंत हात घालून तळाची मूठ काढायचे. म्हणायचे, "वरचे दाणे दाखवायचे असतात, बाबा."

पुढे दुकानात इलेक्ट्रॉनिक काटा आला आणि शेटनी मला एका संस्थेला देऊन टाकलं. आता माझ्या आकड्याला झोळी, झोळीत पोरं. धुक्यात आंब्याला टांगलेला असलो आणि पोर झोपलं, की माझा काटाही हळूहळू निजतो. वाटतं, आपण जोखत नाहीच, नुसते झुलवतोय.

संस्थेच्या पुष्पलताताई जव्हारला प्रशिक्षण घेत होत्या. योजनेनं खरंच फरक पडला का, हे आकड्यांवरून कसं तपासायचं, याचं. पोशेऱ्यात संस्थेनं परसबागा लावल्या होत्या, वांगणीत नव्हत्या. दिवाळीआधी दोन्ही गावांची पोरं वजनाला सारखी होती. जानेवारीत जोखली, तरी सारखीच. ताईंनी अहवाल लिहिला: बागांचा उपयोग नाही. म्हणजे मार्चपासून पोशेऱ्याचं बियाणं बंद.

हे ऐकून पोशेऱ्याच्या धोंडीबाईंनी विचारलं, "ताई, वांगणीत कोनाची पोरं जोखलीस?"

"अंगणवाडीत होती त्यांची."

"म्हंजे मास्तराची न् कारकुनाची. बाकीची आईबापासंगं वीटभट्टीवर गेली. आमची भाजीच्या जिवावर इथंच रायली. एवढा काटा घेऊन फिरतेस, तुला दिसलं नाय?"

ताईंनी वही उघडून जानेवारीत जोखलेली नावं मोजली. मला शेटची तळाची मूठ आठवली.

दुसऱ्या दिवशी ताईंनी भर वर्गात उभं राहून आपली चूक सांगितली. शिकवणाऱ्या विद्युल्लता मॅडम म्हणाल्या, "बरं झालं, अहवाल गेला नाही. दिवाळीआधीची यादी काढा आणि तीच पोरं शोधा."

शिमग्याला माणसं भट्टीवरून परतली. वांगणीच्या यादीतली चव्वेचाळीसपैकी एकेचाळीस पोरं झोळीत आली. इतकी हलकी, की वाऱ्याची झुळूकच माझा काटा जास्त हलवत होती. त्याच आठवड्यात जोखलेली पोशेऱ्याची पोरं त्यांच्याहून अर्धा किलो भारी भरली. बियाणं चालू राहिलं. पुढच्या वर्षी वांगणीलाही देणार म्हणतात.

तीन पोरं मात्र अजून आलेली नाहीत. माझा रंग उडालाय, अंगणवाडीच्या खुंटीला लटकून असतो. डोळा लागला की ती तिघं झोळीत झुलताना दिसतात, आणि काटा शून्यावरून हलत नाही.

तुमच्या हाती कधी अशी यादीची वही आली, तर हिशेब सचोटीनं ठेवा. न आलेल्यांपुढचा रकाना रिकामा राहू द्या. नावं खोडू नका.