दहा गोळ्यांचं मॅगझीन

देवासच्या रायफल क्लबाचे सेक्रेटरी शिवाजीराव यांनी यंदा हट्टानं नवी मॅगझिनं, म्हणजे रायफलीला खालून बसणारे काडतुसांचे डबे, मागवली. जुन्यात पाच काडतुसं मावत, नव्यात दहा. दर पाच गोळ्यांनी मॅगझीन बदलायचं म्हणजे त्यांना फुकटचा खोळंबा वाटे, आणि जुनी आता कबाडात, भंगारात टाका, असं ते म्हणत. त्यांची बायको जमुनाबाई शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली. तीही त्याच क्लबात नेम धरायची, आणि नवऱ्यापेक्षा जरा चांगलाच. नवं मॅगझीन हातात घेऊन तिनं एवढंच विचारलं, "अहो, दहा भरतील खरं. पण दहा निघतील ना?"

पहिल्याच सरावात दोन गोळ्या सुटल्या आणि तिसरी अडली. काडतूस नळीत ढकलणारा बोल्ट पुढे सरकला, पण काडतुसानं नाक खाली घातलं आणि ते नळीच्या तोंडाशीच रुतून बसलं. शिवाजीरावांनी आधी काडतुसांना दोष दिला, मग तेलाला, शेवटी हवेला. जमुनाबाई म्हणाली की तीच हवा माझ्या रायफलीलाही लागते आहे.

दुपारी तिनं सरावाची, बिनदारूची काडतुसं जेवणाच्या टेबलावर मांडली आणि दोन्ही मॅगझिनं पुन्हा पुन्हा भरून पाहिली. या काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कडा असते. त्यामुळं एकावर एक रचली की मागची बाजू उंच होते आणि वरचं काडतूस पुढे झुकतं. जुन्या मॅगझिनाचा डबा म्हणून तिरपा केलेला होता. नवा मात्र सरळ, चौकोनी. त्यात खालून काडतुसं उचलणारी पट्टी इतकी ढिली की स्प्रिंगच्या जोरानं तीही पुढच्या अंगाला कलायची.

तिनं हे सगळं नवऱ्याला दाखवलं. शिवाजीरावांनी पेपर खाली ठेवला, बघितलं, आणि म्हणाले की बनवणारे काय वेडे आहेत का. मग पेपर पुन्हा वर गेला. जमुनाबाईनं वाद घातला नाही. धारच्या सामन्याला निघताना तिनं जुनी मॅगझिनं सगळीच पर्समध्ये टाकली.

धारला दरसाल दोन्ही गावांच्या क्लबांचा मैत्रीचा सामना असतो. शेवटच्या फेरीत ठरलेल्या वेळात दहा गोळ्या मारायच्या होत्या. नवराबायको शेजारी शेजारी पडून नेम धरत होते. आधीच्या सरावाच्या गोळ्यांतच शिवाजीरावांचं मॅगझीन दोनदा अडलं. त्यांनी रायफल रिकामी करून पंचांना दाखवली, घाम पुसला आणि समोर बघतच हळू आवाजात विचारलं, "तुझ्याकडं जुनं एखादं जास्तीचं आहे का?"

"जुनं? ते कबाडातलं?"

"जमुना."

"दोन लागतील. पाच-पाचाची आहेत," ती म्हणाली आणि दोन्ही त्यांच्याकडं सरकवली. ती आधीच भरून ठेवलेली होती. शिवाजीरावांच्या ते लक्षात आलं आणि त्यांनी पहिलं रायफलीत बसवलं. दहाच्या दहा गोळ्या सुटल्या. मध्ये मॅगझीन बदलायला त्यांना थोडा वेळ लागला, पण फेरी पुरी झाली.

तरी सामना धारनंच जिंकला. चहाच्या वेळी त्यांचा सेक्रेटरी भूपेंद्र येऊन बसला. "काका, आपण भी वोही दहावाली मॅगझिनं घेतोय. ऑर्डर टाकायचीच बाकी आहे. कशी आहेत?"

शिवाजीराव कपात बघत राहिले. होय म्हटलं असतं तर पुढल्या वर्षी धारच्या रायफली अडल्या असत्या, आणि आपण एकटेच फसलो नाही एवढं समाधानही मिळालं असतं. मोह मोठा होता, हे जमुनाबाईला समोरून स्पष्ट दिसत होतं.

"नको घेऊस, भिया," ते शेवटी म्हणाले. "मी घेतली ती चूक झाली. का चूक, ते हिला विचार. हिनं मला आधीच सांगितलं होतं, मी पेपर वाचत होतो."

चिडवायला इतकी चांगली जागा परत मिळाली नसती. पण जमुनाबाईनं नवऱ्याच्या खिशातलं नवं मॅगझीन घेतलं, बशीत काडतुसं रचली आणि भूपेंद्रला काडतुसाच्या कडेपासून समजवायला सुरुवात केली. धारची आणखी मंडळी भोवती जमली. शिवाजीराव तिची पर्स सांभाळत मागे उभे राहिले आणि कुणी मध्ये बोललं की त्याला गप्प करत राहिले.