बोडीची माती

"नाई भाऊ, हा रंग नाई," कहकशाँनं ताट उन्हात धरलं. "नमुन्याचा रंग काळपट जांभळा होता. हॉटेलवाल्यांना तोच पाहिजे."

कहकशाँ चंद्रपूरच्या भांडीवाल्यांची मुलगी. मोठमोठ्या हॉटेलांसाठी ताट-वाट्यांची चित्रं काढायची. नागपूरच्या एका महागड्या हॉटेलची साठ ताटं तिनं सिंदेवाहीकडच्या इस्तारी कुंभाराला घडवायला दिली होती. ताटामागे त्याचं नाव कोरायचं ठरलं होतं. तीस वर्षं इस्तारीनं मडकी घडवली, लोकांनी ती फोडली आणि विसरून गेले. आता आपलं नाव नागपुरात जाणार, या एका गोष्टीनं म्हातारा खुळावला होता.

"तो रंग बोडीच्या मातीचा," एवढंच तो म्हणाला. रानातल्या त्या तळ्याकाठी दिवाळीत वाघानं गावातल्या लटारूला नेलं होतं, हे त्यानं सांगितलं नाही.

सकाळी प्रेमिला, त्याची बायको, चुलीपुढून उठलीच नाही. "बड्या लोकाईच्या ताटाले रंग पाह्यजे म्हनून माह्या जिवावर उठले काय तुमी?"

"तू नोको येऊ. मी एकटा जातो."

एकट्याला कोण जाऊ देणार? ती तोंड फुगवून टोपली घेऊन निघाली.

वाकून माती खणणारा माणूस वाघाला जनावरच वाटतो. म्हणून दुसऱ्यानं खणणाऱ्याकडे पाठ करून उभं राहायचं, झुडपांवर नजर ठेवायची आणि सतत बोलायचं. बोलणं थांबलं की खणणाऱ्यानं कुदळ टाकून ताठ उभं राहायचं. का थांबलं, हे विचारत बसायचं नाही. गावाची रीतच होती ती.

प्रेमिला बोलत होती. डिंपलच्या लग्नातलं लुगडं, शेजारणीची कोंबडी, सरपंचाच्या घरचा टीव्ही. मग म्हणाली, "लटारूची बायको अजून दार उघडं ठेवून झोपते म्हंतेत."

"दुसरं काई बोल ना," इस्तारी खेकसला.

बोलणं थांबलं.

रुसली, त्याला वाटलं. तीस वर्षांत ती अशी शंभरदा रुसली होती. शिवाय कुदळीखाली आत्ताच ती जांभळट माती लागली होती. त्यानं टोपली काठोकाठ भरली.

"झालं का तुह्यं रुसनं?" म्हणत तो वळला. मागे नुसतं गवत हलत होतं.

संध्याकाळी वनरक्षकांना ती बांबूत सापडली.

महिन्याभरानं कहकशाँ आली. आता ताटं नकोत, हॉटेलवाल्यांशी मी बोलते, एवढंच तिला सांगायचं होतं. इस्तारी आव्याच्या भट्टीशी बसून भाजलेल्या ताटांवरची राख झाडत होता. तिचं बोलणं त्यानं ऐकून घेतलं. मग एक ताट धोतराच्या सोग्यानं पुसून तिच्यापुढे धरलं.

"हाच रंग होता ना, मॅडम?"

कहकशाँनं होकारार्थी मान हलवली. तिला ताटाकडे बघवेना.

इस्तारीनं ते बाजूला ठेवलं आणि दुसरं पुसायला घेतलं.