ॲसिडची बाटली आणि दुपारची शांतता

ओटमार हेबरले नियमाचा इतका पक्का की रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी तांबड्या दिव्याला खांबासारखा उभा राहायचा. त्याच्या जर्मन गावात एक ते तीन दुपारची शांतता, तेव्हा आवाजाचं यंत्र लावायचं नाही, हा तर त्याचा जीव की प्राण! गेल्याच महिन्यात वरच्या मजल्यावरच्या फ्राऊ लेमले या शेजारणीनं एक वाजून गेल्यावर यंत्रानं गवत कापलं, तर यानं भर अंगणात तिची हजेरी घेतली होती.

अशा माणसाला त्या शनिवारी एकच गोष्ट हवी होती. लेकीला, रोन्याला, लग्नासाठी चर्चपर्यंत स्वतः गाडी चालवत न्यायचं. गाडी मेव्हण्याची, एबरहार्टची. जुनी, उघड्या टपाची, पॉलिश केलेल्या ॲल्युमिनियमच्या चाकांची. ती एबरहार्टनं सख्ख्या बायकोलाही कधी चालवू दिली नव्हती. ओटमारनं वर्षभर विनवण्या केल्या, तेव्हा कुठे स्वारी हो म्हणाली.

"चाकांना हात लावायचा नाही," किल्ली देताना त्यानं बजावलं. "अगदीच राहवलं नाही, तर पाणी आणि साबण. बस्स." आणि तो कपडे बदलायला आत गेला.

पण चाकांवर ब्रेकची काळी भुकटी! आणि तीही लेकीच्या लग्नात? छे! ओटमारनं चाकं साफ करायच्या ॲसिडची दुकानातली सगळ्यात जहाल बाटली आणून ठेवलीच होती. एबरहार्टबरोबर नुकतीच घाट उतरून आलेली चाकं अजून तापलेली होती, पण धीर कुणाला? त्यानं एकदमच चारही चाकांवर फवारा मारला. चर्रर्र आवाज झाला आणि आंबूस वाफ नाकात गेली.

बाटलीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'सुकण्याआधी जोरदार फवाऱ्याच्या यंत्रानं धुवा.' ओटमारनं यंत्राच्या बटणाला हात लावला आणि चर्चच्या घंटेनं एकचा टोला दिला.

"हेर हेबरले!" गच्चीतून फ्राऊ लेमले गोड आवाजात म्हणाली. "दुपारची शांतता हं!"

ओटमार जागीच थिजला. बाटली म्हणते यंत्र लाव, नियम म्हणतो लावू नकोस. आता करायचं काय? इकडे चाकं सुकत चाललेली.

त्याची बायको ट्रूडेल रेशमी झग्यातच धावत आली. "अरे मेल्या, उभा काय राहिलास? थांब!" म्हणत तिनं संडास धुवायची ब्लीचची बाटली उचलली. "जहालाला जहालच लागतं!"

"ते नको!" फ्राऊ लेमले झारी घेऊन जिना उतरतच होती. तिनं चष्मा लावून ॲसिडची बाटली वाचली. "ब्लीच मिसळलं तर विषारी वायू होतो, ट्रूडेलबाई! आणि हेर हेबरले, इथं लिहिलंय, हातमोजे घाला, गार चाकांवरच वापरा, एका वेळी एकच चाक. पॉलिश केलेल्या ॲल्युमिनियमला तर लावूच नका. वाचलं नाहीत?"

"अक्षरं बारीक होती," ओटमार पुटपुटला.

"बरं, पाणी ओता. पाण्याचा आवाज होत नाही."

मग तिघांनी झाऱ्या, बादल्या, हाताला लागेल ते आणून पाणी ओतलं. सावलीतली दोन चाकं नुसती निस्तेज झाली. उन्हातली दोन मात्र ताकासारखी पांढरी पडली. खांद्यावरचा टॉवेल चाकावर टाकून झाकावं, असं ओटमारच्या क्षणभर मनात आलं, पण ते त्याच्याच्यानं होईना.

एबरहार्ट सूट घालून बाहेर आला आणि चाकांपुढे उकिडवा बसला.

"मी केलं," ओटमार म्हणाला. "तू सांगितलं होतंस. मी ऐकलं नाही."

एबरहार्ट उठला आणि त्यानं हात पुढे केला. "किल्ली."

ओटमारनं किल्ली दिली. वर्षभराचं स्वप्न गेलं. तो मागच्या सीटवर रोन्याच्या शेजारी अंग चोरून बसला. तिचा पांढरा झगा त्याच्या गुडघ्यांवर सांडला होता.

गाडी सुटली तशी रोन्यानं त्याचा हात घट्ट धरला. तिची बोटं गार पडली होती.

"पपा, मला भीती वाटतेय हो. बरं झालं तुम्ही इथं बसलात."

ओटमारनं हात तसाच राहू दिला आणि पुढे वाकून म्हणाला, "एबरहार्ट, जरा लांबच्या रस्त्यानं घे."

एबरहार्टनं आरशात पाहिलं आणि गाडी नदीकडे वळवली.