दोरा निघाला

"चष्मा घरी विसरतेस आणि म्हणे शास्त्रज्ञ!" सासूबाईंनी चष्म्याची डबी सुनेच्या हातात कोंबली. "नाक तरी आणलंयस ना बरोबर?"

एरवी सून हसली असती. आज म्हणाली, "आई, थांबता का जरा? आत्ताच ओतायचंय."

घरात ज्यांच्या शब्दाशिवाय पान हलत नसे, त्या सासूबाई प्रयोगशाळेत मुकाट स्टुलावर बसल्या. सुनेने त्यांच्या डोळ्यांवर भलामोठा संरक्षक चष्मा चढवला.

"बेडूक केलास माझा!"

समोर काचेच्या चंबूत पिवळसर, दाट द्राव होता. दोनदा हा प्रयोग फसला होता. आज जमला, तर दूरच्या शहरातल्या कारखान्यात सुनेला नोकरी. मुलगा, सून, नातू तिघंही निघणार. नाही जमला, तर सगळे इथेच. जेवताना हे कानावर आलं तेव्हा सासूबाई एवढंच म्हणाल्या होत्या, "आधी जमू तर दे." पण देवाकडे नक्की काय मागावं, ते त्यांना अजून कळलं नव्हतं.

"मला समजेल असं सांग. शाळा सुटली म्हणून अक्कल नाही सुटली माझी."

"दोन तऱ्हेचे मणी आहेत, आई. प्रत्येकाला दोन हात. एकाच्या मुठीत ब्रोमीन, दुसऱ्याच्या मुठीत बोरॉन. मूठ सोडल्याशिवाय हातात हात कसा येणार? पॅलेडियम नावाचा धातू दोघांना मूठ सोडायला लावतो, हात जुळवतो, आणि स्वतः मोकळा होऊन पुढच्या जोडीकडे जातो. अशी माळ वाढत जाते."

"म्हणजे माझ्यासारखा!" सासूबाई खूश झाल्या. नात्यातली निम्मी लग्नं त्यांनीच जुळवली होती. "मग फसलं कुठे?"

"एका तऱ्हेचे मणी ओलसर होते. वजन बरोबर भरलं, पण त्यात पाणीच होतं. मणी कमी पडले. उरलेले नुसते हात पसरून उभे. माळ खुंटली."

"म्हणजे ओल्या मालाचा तोल! भाजीवाल्याची ही लबाडी मला पोरवयात कळली होती. या खेपेला?"

"या खेपेला वाळवून घेतलेत."

मोठ्या भांड्यात मेथॅनॉल गरगर फिरत होतं; माळ त्यात विरघळत नाही. माळ लांब असेल तर त्यात दोरा पडणार, आखूड असेल तर नुसतं पीठ. सुनेने चंबू तिरपा केला. बारीक धार लागली.

"ओत की भळकन! बाळाला औषध पाजतेस का?"

"घाई केली तर गोळा होतो, आई."

पांढुरका ढग उठला आणि भुरभुर खाली बसू लागला. पीठ. सुनेने ओठ चावला. सासूबाईंचं काळीज एकदम हलकं झालं, राहिले सगळे इथेच! आणि दुसऱ्याच क्षणी त्या स्वतःवरच भडकल्या.

"धार वाकडी जातेय! सरळ धर! माझ्या घरची सून आणि पीठ पाडतेस होय?"

धार सरळ झाली. ढगातून काहीतरी लोंबलं. केसाएवढं. मग लांबलं. त्याला दुसरं येऊन गुंतलं, आणि बघता बघता भांड्यात लोकरीसारखी वेटोळी फिरू लागली.

"आई, दोरा! दोरा निघाला!"

"दिसतंय मला, आंधळी आहे का मी? थांबू नकोस, ओत!" सासूबाई स्टूल लाथाडून उभ्या होत्या आणि टाळ्या पिटत होत्या.

सुनेने चिमट्याने एक धागा उचलला, दिवे मालवले आणि जांभळ्या उजेडाची छोटी बत्ती त्यावर धरली. धागा निळाभोर पेटला.

"अगं बाई गं!"

"अजून मंद आहे. तो धातू अडकलाय आत. धुऊन काढला की मग बघा."

"ज्याने जुळवलं, त्यालाच काढायचं?"

"राहिला तर उजेड खातो तो."

सासूबाई धाग्याकडे बघत राहिल्या. "सगळा निघतो?"

"छे! कितीही धुतलं तरी थोडा राहतोच."

"बरं." मग नेहमीच्या करड्या आवाजात, "माळ्यावरची मोठी ट्रंक काढायला सांग तुझ्या नवऱ्याला. बिजागऱ्या गंजल्यात, तेल घालावं लागेल."

सून दिव्याच्या बटणाकडे वळली.

"राहू दे गं जरा अंधार," सासूबाई म्हणाल्या, आणि तो भलामोठा चष्मा काढून बोटांनी आतून पुसू लागल्या.