परीक्षक आत अडकले

इंटिरियर डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला सगळ्या वर्गाने स्वप्नं काढली. कुणी हॉटेलची लॉबी, कुणी दागिन्यांचं दुकान. एकाने तर बंगल्याच्या गच्चीवर धबधबा आणला. एका मुलीने संडास काढला.

वर्गात तिला टेप म्हणत, कारण मोजायची टेप कायम तिच्या कमरेला लटकलेली. तिचा काका निवृत्त बसड्रायव्हर होता. तीस वर्षं क्लच दाबून त्याच्या गुडघ्यांनी राजीनामा दिलेला. संडासातून उठताना तो नळाचा आधार घ्यायचा आणि मग घरात प्लंबर यायचा. टेपने त्याला आठवडाभर दिवसातून दहा वेळा बसवलं, उठवलं, हात आपसूक कुठे जातो ते मोजलं.

"अगं, इतक्या वेळा मी जुलाबातही बसलो नव्हतो," काका म्हणाला. पण बसला बिचारा.

यातून म्हाताऱ्या माणसांसाठी साडेचार फूट लांबीचा संडास तयार झाला. उठताना धरायला दांडी आणि दार बाहेर उघडणारं, म्हणजे आत कुणी पडलं तरी त्याच्यापर्यंत पोचता यावं. शिकवणाऱ्या मॅडमनी ड्रॉइंग बघून नाक मुरडलं.

"दार बाहेर? पाहुण्यांच्या अंगावर येतं ते. आत घे."

"मॅडम, आत घेतलं तर पुरतं उघडणार नाही. भांड्याला धडकेल."

"डिझायनर कोण, तू की भांडं?" असं म्हणून त्यांनी लाल पेनाने दार आत वळवलं. निम्मे मार्क त्यांच्या हातात होते. टेपने दार आत घेतलं.

परीक्षेसाठी हा संडास खऱ्या मापात उभा करायचा होता. कॉलेजच्या कॉरिडॉरमध्ये प्लायवूडच्या भिंती लागल्या, छताला फाटा दिला, भांडं मात्र अस्सल आणलं. दांडी बसवायला वर्कशॉपचे मिस्त्री येणार होते. ते जेवायला गेले ते गेलेच. दोन तासांनी टेपचा धीर सुटला. हाताला लागले ते अर्ध्या इंचाचे स्क्रू मारून तिने दांडी कशीबशी डकवली.

बाहेरून आलेले परीक्षक ऐसपैस देहाचे होते. धबधबा त्यांनी दोन मिनिटांत उरकला. संडासापाशी मात्र थांबले.

"बसल्याशिवाय काय कळणार?" ते म्हणाले, अंग चोरून आत शिरले आणि दार लावून घेतलं.

आतून समाधानाचा हुंकार आला. मग उठायला त्यांनी दांडी धरली असावी. कर्र, धप्प आणि शांतता.

"सर?" मॅडमनी विचारलं.

"दांडी निघाली. खाली पडून दार आणि भांड्याच्या मधे आडवी बसलीय. मला वाकायला जागा नाही."

दोन मुलांनी दाराला खांदा लावला.

"ढकलू नका! मधे माझा गुडघा आहे!"

मॅडम अग्निशमन दलाला फोन लावायला निघाल्या. "थांबा मॅडम, मी भिंत काढते," टेप म्हणाली आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन बसली. बाजूची भिंत आठ स्क्रूंवर होती. आठवा निघाला आणि नाटकाचा पडदा सरकावा तसं ते प्लायवूड बाजूला झालं. परीक्षक भांड्यावर विराजमान होते. पँट जागेवर होती, चेहरा नव्हता. अख्खं कॉलेज बघत होतं. मागून कुणीतरी टाळीही वाजवली.

परीक्षक उठले आणि थेट भिंतीवरच्या ड्रॉइंगपाशी गेले.

"हे लाल पेन कुणाचं?"

"ते चर्चेतून ठरलं होतं," मॅडम छताकडे बघत म्हणाल्या.

टेपला वाटलं, आता सगळं मॅडमच्या माथी मारावं. मोह जबरदस्त होता. पण स्क्रू तर तिनेच मारले होते.

"दार माझं नाही, सर," ती म्हणाली. "पण दांडी माझी. छोटे स्क्रू मीच मारले. घाई केली."

"आणि माझ्या जागी खरंच कुणी म्हातारा असता तर?"

तिच्या डोळ्यांपुढे काका आला.

"चार वाजेपर्यंत नीट करा," परीक्षक म्हणाले. "मी परत बसणार आहे."

मिस्त्री तोवर दात कोरत उगवले होते. त्यांनी दांडीमागे लाकडी फळी घातली, तीन इंची स्क्रू पिळले, टेपने दार बाहेर फिरवलं. चार वाजता परीक्षक आत गेले, दांडीला अक्षरशः लोंबकळले आणि हसत बाहेर आले. दांडीचे मार्क त्यांनी कापलेच. कापून वर म्हणाले, "सोमवारी माझ्या ऑफिसात ये. वृद्धाश्रमाचं काम आहे. चाळीस संडास."

"डिझाइन करायचे?"

"आधी तिथली एकेक दांडी ओढून बघायची."

सोमवारी दुपारपर्यंत टेपच्या हातात सतरा दांड्या आल्या. तिने वृद्धाश्रमाच्या मॅनेजरसमोर त्यांची मोळी ठेवली आणि म्हणाली, "ह्या तुमच्या. आता बसून बोलू या का?"