नारिंगी गोळ्यांच्या आतलं घर

मी डोहातली थोरली मासोळी बोलतेय. जवळ येऊ नका, तिथूनच ऐका. पाण्यातून आवाज लांबवर जातो, आणि हल्ली मला माणसं लांबच बरी वाटतात.

माझा जन्म वरच्या अंगाला, नदी उथळ होते तिथल्या गोट्यांच्या फटीत झाला. पूर आला की आमच्या जातीच्या माद्या प्रवाहाविरुद्ध पोहत तिथे जातात, स्वच्छ गोट्यांवर अंडी घालतात आणि पाणी ओसरायच्या आत खाली परततात. उन्हाळ्यात नदीचे नुसते तुकडे उरतात. तेव्हा आमचा सगळा जीव एका डोहात असतो.

डोहाच्या तळाशी एक कपार आहे. दिवसभर मी आणि माझी धाकटी बहीण तिथे अंगाला अंग लावून पडून असायचो. तिची शेपटी एका बाजूने फाटलेली होती, त्यामुळे ती जरा तिरकी पोहायची. संध्याकाळी आम्ही वाहत्या पाण्यात चरायला जायचो आणि उजाडायच्या आत परत यायचो. आमच्यासारखे मासे आता फार थोडे उरलेत, हे मला ताईमुळे कळलं.

ताई म्हणजे माशांचा अभ्यास करणारी मुलगी. तिनंच मला पकडलं. टबातल्या पाण्यात औषध होतं. माझे कल्ले जड झाले. तिनं माझ्या डोळ्यांवर ओलं फडकं ठेवलं, पोटाला लहानशी चीर देऊन करंगळीएवढं यंत्र आत बसवलं आणि टाके घातले. यंत्राची बारीक तार बाहेर लोंबत राहिली. मग ती कमरेएवढ्या पाण्यात उतरली आणि माझं तोंड प्रवाहाकडे धरून उभी राहिली.

"घाई नाही गं बाई," ती म्हणाली. "नीट शुद्धीवर ये. तू कुठे राहतेस, कुठे फिरतेस, तेवढं मला कळू दे. मी कुणाला सांगणार नाही."

शुद्ध आली तरी मी थोडा वेळ तिच्या हातातच राहिले.

त्यानंतर ती रोज होडीतून यायची. कानाला हेडफोन, हातात एक काठी. काठीला आडव्या तारा होत्या; अगदी आमच्या सांगाड्यासारखी दिसायची ती! काठी माझ्याकडे वळली की तिच्या कानात टिकटिक वाजायची.

"आज पण त्याच कपारीत!" ती आनंदाने ओरडायची.

"आळशी आहे तुमची मासोळी," होडीवाले काका म्हणायचे. "आमच्या जावयासारखी. एकदा टेकली की हलायचं नाव नाही."

"काका, ती संध्याकाळी कामाला तरी जाते!"

काका हसायचे, होडी डुलायची. मलाही बरं वाटायचं. आपण कुठे आहोत याची कुणीतरी चौकशी करतंय, याचं अप्रूप असतं. धाकटी मात्र होडी आली की कपारीच्या आत सरकायची. "तुला त्या तारेचा लळा लागलाय," असा टोमणा मारायची.

एक दिवस ताईबरोबर तिचे सर आले. होडीत नारिंगी रंगाचे मोठाले गोळे होते, तरंगणारे. प्रत्येकाला दोर आणि दोराला दगड.

"डोह राखीव झाला," सर म्हणाले. "हद्द लांबून दिसली पाहिजे, म्हणजे कुणी आत येणार नाही."

"सर, पण मग सगळ्यांना कळेल ना..." ताई अडखळली.

"कळायलाच हवं! त्याशिवाय लोक लांब कसे राहतील?"

ताईनं हेडफोन कानाला लावला, काठी फिरवली आणि म्हणाली, "काका, थोडं डावीकडे घ्या. कपार बरोबर मध्ये यायला हवी."

माझ्याच पोटातल्या टिकटिकीवरून तिनं माझ्या घराभोवती गोळे मांडले. काठावर पाटीही लागली: 'दुर्मिळ माशांचे ठिकाण. मासेमारीस मनाई.'

गोळे पुलावरूनसुद्धा दिसायचे. आधी बघे आले. मग एका पहाटे दोन माणसं होडी घेऊन आली, दिवा न लावता.

"इतकी वर्षं नदीभर हिंडलो, आणि बघ, यांनी जागा राखून ठेवलीय आपल्यासाठी!" एकजण म्हणाला.

"जाळं बांधायला दोरही दिलेत. हळू हस, लेका."

जाळं गोळ्यांच्याच दोरांना बांधलं गेलं. ते कपारीपर्यंत आलं तेव्हा आम्ही दोघी बाहेर धावलो. दोराच्या दगडापाशी जाळ्याखाली एक फट होती, तिच्यातून मी घुसले. माझी तार अडकली, टाक्यांच्या जागी कळ आली, पण निघाले. धाकटी माझ्या मागेच होती. तिरकी पोहायची ना ती, फट चुकली.

मी पुन्हा त्या डोहात गेले नाही. आता खालच्या अंगाला, जुन्या पुलाच्या खांबामागे राहते. इथल्या पाण्याला साबणाची चव आहे. इथे कपार नाही, सावली आहे.

काल दुपारी ओळखीची होडी आली. आत तेच नारिंगी गोळे रचलेले होते. होडी बरोबर माझ्या डोक्यावर थांबली. टिकटिक ताईच्या कानात नक्कीच जोरात वाजत असणार.

"लागला का आवाज?" काकांनी विचारलं. "सर म्हणालेत, सापडली की लगेच गोळे टाकून या."

ताईनं हेडफोन काढला.

"नाही काका. इथे काही नाही."

"मग या गोळ्यांचं काय करू?"

"परत नेऊन ठेवा."

होडी वळण्याआधी तिनं मनगटापर्यंत हात पाण्यात बुडवला आणि तसाच ठेवला. हात ओळखीचा होता. मी खांबामागून हलले नाही.

यंत्र अजून चालू आहे. पूर आला की मला वर जायचंय, त्या गोट्यांवर. वाट जुन्या डोहातूनच जाते. तुम्ही तेव्हा काठावर असलात आणि मी दिसले, तर माझ्याकडे बोट दाखवू नका. हाकही मारू नका कुणाला. पोटभर बघा आणि गप्प घरी जा.